शाईचे प्रमाण

फलक, पडदे यांच्या मोठ्या आकाराच्या छपाईत प्रामुख्याने निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाया वापरतात. प्रत्येक शाई पूर्ण, म्हणजे १०० टक्के दिली, तर एकाच जागी ४०० टक्के शाई पडते. एवढी शाई बहुतेक माध्यमांना पेलत नाही. पातळ कागद ओला होऊन सुरकुततो. विनाइल कागदासारखी शाई जिरवत नाही. ती पृष्ठावर साचते, रंग एकमेकांत पसरतात आणि ओली छपाई गुंडाळताच थर चिकटतात. साहित्य, शाई आणि श्रम तिन्ही वाया जातात.

उलट, शाई फार कमी केल्यास रंग निस्तेज दिसतात. मागून प्रकाश येणाऱ्या फलकास तर अधिक दाट शाई लागते.

म्हणून कुशल कारागीर प्रथम चाचणीपट्टी छापतो. शाई जेथे पसरू लागते, त्याच्या अलीकडे तो मर्यादा ठरवतो. आधी एकेका शाईची, मग सर्वांची मिळून. त्यानंतरच तो रंगांचा मेळ बसवतो. माध्यम बदलले की ही चाचणी पुन्हा करावी लागते.

पाठगत प्रश्न
१. ओली छपाई गुंडाळल्यास काय होते?
२. शाईची मर्यादा कशी ठरवतात?