ब्रेक ऑइल का कमी होते?

मुलांनो, करमाळा तालुक्यातील जेऊर स्टेशनवर उतरून लोक मोटारीने करमाळ्याला जातात. वाटेत अचानक बैल आडवा आला, तर चालक ब्रेक दाबतो. पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोहोचतो आणि गाडी थांबते.

हे तेल पेट्रोलसारखे जळत नाही. मग ते कमी का होते? मुख्य कारणे दोन. पहिले कारण झीज. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना ढकलणारा दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्या मागच्या जागेत तेल जाते आणि टाकीतील पातळी हळूहळू उतरते. दुसरे कारण गळती. रबरी नळीला चीर पडते किंवा सील खराब होते. मग चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतो, ब्रेकचे पायडल खोल जाते. हा धोका मोठा!

घरी कोणाची गाडी असेल, तर त्यांना जरूर सांगा : पातळी खालच्या खुणेपर्यंत आली, तर नुसते तेल भरू नका. त्याने दोष झाकला जातो, जात नाही. आधी मिस्त्रीला दाखवा.

शब्दार्थ : दट्ट्या – नळीत पुढेमागे सरकणारा भाग, झीज – घासून कमी होणे.

स्वाध्याय : गळती कशी ओळखावी?