नवी पिन

आजोबांचा एचएमव्ही १०२, म्हणजे पेटीतला चावीचा ग्रामोफोन, बारा वर्षांपूर्वी माझ्या वाटणीला आला. जुनी यंत्रं वापरावीत की काचेच्या कपाटात ठेवावीत, यावर पुतण्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. दरम्यान हातून जे जे बिघडलं, त्यातून शिकलो ते असं :

१. न वापरलेलं यंत्र जास्त बिघडतं. वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या या ग्रामोफोनला चावी दिली, तर आतून धप्प धप्प दणके. स्प्रिंग गेली म्हणून मी हळहळलो. दुरुस्तीवाल्यांनी डबा उघडला तर आत ग्रीसचा डिंक झालेला. स्प्रिंगचे वेढे चिकटून बसायचे आणि एकदम सुटायचे, तोच दणका. साफसफाई करून ग्रॅफाइट ग्रीस भरलं आणि आवाज गेला. आता दर रविवारी चालवतो, आणि ठेवताना चावी पूर्ण उतरू देतो.

२. तबकडीचं गणित नेमकं उलटं. ती वाजवली की झिजते. साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून जास्त भार एका पिनेच्या टोकावर येतो. तबकडीच्या लाखेत दगडाची पूड असते आणि ती पोलादी पिनेला घासत जाते. तीन मिनिटांची एक बाजू संपल्यावर पिन भिंगाखाली धरून बघा : गोल टोकाच्या दोन्ही अंगांना छिन्नीसारख्या सपाट कडा आलेल्या दिसतील. हीच पिन पुन्हा लावली तर ती तबकडी नांगरते. म्हणून एका बाजूला एक पिन, हिशेब करायचा नाही. आजोबा हिशेबी होते, एक पिन आठवडाभर पुरवायचे. त्यांच्या आवडीच्या तबकड्या कुठल्या हे आज कुणाला विचारावं लागत नाही. ज्या करड्या पडल्यात, त्या.

३. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नये. (शाळेत असताना लावली होती. मार खाल्ला.)

४. रबर बदलावं. साउंडबॉक्समधलं रबर दगडासारखं झालं की गाणाऱ्याला पडसं झाल्यासारखं वाटतं. मी बदललं, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, मग ते ओरिजिनल कुठं राहिलं?" अरे, वॉशर बदलला म्हणून आजीचा स्टोव्ह परका झाला का? जुनं रबर मात्र पाकिटात घालून पेटीतच ठेवलंय, त्याच्या समाधानासाठी. आणि अस्सलपणाचीच हौस असेल तर चोर बाजारातले चकचकीत पितळी कर्णे आधी तपासावेत. पुष्कळदा कर्णा नवा आणि पेटीही नवी असते.

५. काय वाजवायचं ते ठरवावं. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा. त्या काळातल्या सिनेगीतांच्या तबकड्या माझ्याकडे दोन-दोन, तीन-तीन आहेत, त्या बिनधास्त लावतो. एकुलती एक असेल ती विजेच्या, हलक्या हाताच्या टर्नटेबलवर एकदा वाजवून ध्वनिमुद्रित करून घेतो, आणि मग कापडी पिशवीत.

हिराबाई बडोदेकरांची तबकडी अशीच पिशवीत होती. गेल्या दिवाळीत आईनं मागितली. मोबाइलवर ऐकवली, तर म्हणाली, "हे नको. त्यात चावीचा आवाज कुठंय?"

पिशवी सोडली, नवी पिन लावली.