पिल्लं खुराड्यात कधी सोडायची? – चौथीसाठी एक जिवंत पाठ



अनेक शाळांत परसबाग असते. काही शाळांत आणि गावाकडच्या बऱ्याच घरांत चार कोंबड्याही असतात. पिल्लं आणली की पहिले काही दिवस मुलं पेटीभोवतीच असतात. तीन आठवडे झाले, पिल्लांना छोटे पंख फुटले की मग रोज एकच प्रश्न कानावर येतो, "बाई, आज बाहेर सोडूया ना?"

या प्रश्नाला नुसतं "नाही" म्हणून गप्प बसवू नका. परिसर अभ्यास, गणित आणि भाषा या तिन्हींचा चांगला पाठ त्यातूनच तयार होतो. शिवाय इथे चुकलं तर वहीत लाल खूण होऊन भागत नाही, पिल्लू मरतं. म्हणून ही माहिती आधी आपण मोठ्यांनी नीट समजून घेऊ.

पिल्लाला ऊब कशाला लागते?

अंड्यातून 21 दिवसांनी पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावर पिसं नसतात, फक्त मऊ लव असते. ही लव ऊब धरून ठेवायला पुरत नाही. स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळणं पिल्लाला अजून जमत नसतं. खुडूक कोंबडीने काढलेली पिल्लं आईच्या पंखाखाली शिरतात. विकत आणलेल्या पिल्लांना आई नसते, म्हणून आपण बल्ब लावून उबेची पेटी करतो. तोच ब्रूडर.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. बल्ब थोडा वर टांगला की तापमान उतरतं.

इथे मुलांना गणित घाला: पहिल्या आठवड्यात 35, दर आठवड्याला 3 ने कमी, तर सहाव्या आठवड्यात किती? उत्तर येतं 20. म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी पिल्लू 20 अंशांच्या आसपासची हवा बल्बशिवाय सहन करू शकतं. हे वजाबाकीचं उदाहरण मुलं विसरत नाहीत.

तारीख बघू नका, पिल्लू बघा

सहा आठवडे हा अंदाज झाला. खरं उत्तर तीन ठिकाणी मिळतं.

1. पिसं: पिल्लू अलगद हातात घ्या. पंखांची पिसं सर्वांत आधी येतात, त्यामुळे पिल्लू मोठं झाल्यासारखं दिसतं आणि आपण फसतो. पाठ, छाती आणि पंखाखालची जागा बघा. तिथे अजून लव दिसत असेल तर थांबा.

2. वागणं: सगळी पिल्लं बल्बखाली एकमेकांना चिकटून मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. बल्बपासून लांब जाऊन पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत असेल. पेटीभर विखुरलेली, खात-पीत, मधूनच डुलकी घेत असतील तर सगळं ठीक आहे.

3. रात्रीचं तापमान: दुपारी ऊन असतं म्हणून आपण निर्धास्त होतो, पण पिल्लू दगावतं ते पहाटे. म्हणून खुराड्यात थर्मामीटर टांगा आणि सकाळी लवकर नोंद घ्या. निफाडकडे थंडीत रात्री पारा 10 च्या खाली जातो. तिथे सहा आठवड्यांच्या पिल्लांनाही आणखी आठवडाभर थांबवावं, नाहीतर रात्रीपुरता खुराड्यात बल्ब आणि बाजूंना गोणपाटाचे पडदे लावावेत. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उलटं होतं. तिथे सावली आणि गार पाणी महत्त्वाचं. कोकणात पावसाळ्यात खरी भीती ओलीची.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने नोंदवहीत लिहिलं होतं, "पिल्लं बोलत नाहीत पण बसतात कशी त्यावरून कळतं." निरीक्षण म्हणजे काय, हे याहून सोपं मलाही सांगता येणार नाही.

एकदम नको, हळूहळू

ठरवलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी तयारी सुरू करा.

- आधी दिवसा बल्ब बंद ठेवा. पिल्लं आरामात राहिली तर मग रात्रीही बंद करा.
- कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर त्यांना तासभर बाहेर जाळीच्या आडोशात ठेवा. रोज थोडा वेळ वाढवा. संध्याकाळी परत पेटीत.
- खाद्य आणि पाण्याची भांडी तीच ठेवा. नवी जागा आणि नवं भांडं एकाच दिवशी नको. लस आणि स्थलांतरही एका दिवशी नको.
- खाद्य लगेच बदलू नका. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तर पिल्लांना देऊच नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं.

खुराडं तयार आहे का?

मुलांचे गट करून ही तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या.

- जमिनीवर 2-3 इंच कोरडं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा आहे का? ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते.
- जाळीची भोकं अर्ध्या इंचाहून मोठी नाहीत ना? मुंगूस, घूस, मांजर, साप यांना थोडी फट पुरते. कुंपणाच्या नेहमीच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, पण मुंगूस आत येतं.
- दिवसा फिरायच्या जागेवर वरून जाळी आहे का? घार आणि कावळे लक्ष ठेवून असतात.
- हवा वरच्या बाजूने खेळते का? झोत थेट पिल्लांच्या अंगावर नको.
- कोपऱ्यांना पुठ्ठा लावून गोलाई दिली आहे का? घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना खुराड्यातच ठेवा, म्हणजे हे आपलं घर हे त्यांना कळतं. त्यानंतर दिवसा सोडलं तरी पहिले काही दिवस दिवेलागणीला मोजून आत घ्यायला लागतात. रात्री झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन एक फेरी माराच. कडी मोठ्या माणसाने लावायची, मुलांवर सोडायची नाही.

मोठ्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका

मोठ्या कोंबड्या नवख्या पिल्लांना टोचतात, खाद्यावरून हुसकावतात, आणि त्यांचे रोगही पिल्लांना लागू शकतात. मध्ये जाळी ठेवून दोन आठवडे शेजार होऊ द्या. पिल्लं अंगाने जवळपास बरोबरीची झाली की मगच एकत्र करा. मानमोडी, गंबोरो आणि देवी यांच्या लसी कधी द्यायच्या, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वर्गातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

वर्गात काय घ्याल?

- रोजचा तक्ता: तारीख, पहाटेचं तापमान, पिल्लं कशी बसली होती.
- दर शनिवारी वजन आणि त्याचा स्तंभालेख.
- पिसांचं चित्र: पहिला, तिसरा, पाचवा आठवडा.
- चर्चा: "आज सोडायचं का?" हो म्हणणाऱ्याने तक्त्यातलं कारण दाखवायचं. नुसतं "मला वाटतं" चालणार नाही.
- पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुणे. पिल्लाचा मुका घेणे नाही, त्याला तोंडाजवळ नेणे नाही.

पालकांसाठी एक सांगते. इतकं जपूनही एखादं पिल्लू जाऊ शकतं. अशा वेळी मुलाला "ते उडून गेलं" असं सांगू नका, आणि गुपचूप दुसरं आणून ठेवू नका. मेलं हे साध्या शब्दांत सांगा, रडू आलं तर रडू द्या, मग दोघं मिळून तक्ता बघा. कधी कारण सापडेल, कधी नाही. अचानक दोन-तीन पिल्लं गेली तर मात्र हात न लावता लगेच पशुवैद्यकांना कळवा.

शाळेत नव्याने आलेल्या मुलांनाही हेच लागू होतं. दोन मुलं एकाच वयाची असली तरी एक पहिल्या दिवशी हात सोडून वर्गात जातं, दुसऱ्याला पंधरा दिवस लागतात. म्हणून दोन पिल्लं मागे राहिली असतील तर ती पेटीत आणखी आठवडाभर राहू द्या. एकट्याला मात्र ठेवू नका, सोबतीला एक असू द्या.

स्वाध्याय: तुमच्या गावचं गेल्या आठवड्यातलं पहाटेचं तापमान नोंदवा. आज सहा आठवड्यांची पिल्लं बाहेर सोडाल का? कारणासह पाच वाक्ये लिहा.