परदेशप्रवास आणि श्वानाचें पोट

मनुष्य परमुलखांत गेला असतां तेथील पाणी त्यास प्रथम बाधतें, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. कोंकणांतील मनुष्य देशावर आला किंवा देशावरचा कोंकणांत उतरला, तरी चार-आठ दिवस त्याचें पोट कुरकुरतें; आणि घरांतील वडील माणसें "पाणी लागलें" एवढ्या दोन शब्दांत त्याचें निदान करून मोकळीं होतात. हाच नियम आपल्या घरच्या कुत्र्यासही लागू आहे, हें मात्र थोड्यांच्याच लक्षांत येतें. पूर्वीं कुत्र्याचा प्रवास गांवाच्या शिवेपलीकडे क्वचितच होई. आज आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें नोकरीधंद्यानिमित्त आखाती देशांत, इंग्लंडांत, अमेरिकेंत किंवा ऑस्ट्रेलियांत राहतात, आणि त्यांपैकीं कित्येक आपल्या मुक्या सोबत्यासही विमानानें बरोबर नेतात व परत आणितात. अशा प्रवासानंतर कुत्र्यास ढाळ लागणें, वांती होणें, अन्नावरील वासना उडणें हे प्रकार वारंवार घडतात. त्यांतील बहुतेक दोन-तीन दिवसांत आपोआप शमतात. परंतु कांहीं प्राणावर बेततात. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, आणि मुळांत दुखणें येऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार आम्हीं या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. मनुष्य आजारी पडला तर तो वैद्यास आपली हकीकत स्वतः सांगतो. कुत्र्यास ती सोय नाहीं. त्याची साक्ष त्याच्या धन्यानेंच दिली पाहिजे. आणि ती नीट देतां यावी म्हणून धन्यास दोन तारखा बिनचूक ठाऊक असाव्या लागतात. कुत्रा कोणत्या देशांतून कोणत्या दिवशीं निघाला, ही एक. आणि दुखण्याचें पहिलें लक्षण कोणत्या दिवशीं दिसलें, ही दुसरी. या दोन तारखांमधील अंतर मोजलें म्हणजे निदानाचा निम्मा मार्ग सरतो. तो कसा, तें पाहूं.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोट बिघडलें, तर त्याचें कारण बहुधा आहारांतील बदल व मनाचा क्षोभ हें असतें. कुत्र्याच्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु नित्य वास करितात, व त्यांतील बहुतेक अन्नपचनास साहाय्यच करितात. कोणते जंतु किती प्रमाणांत असावेत हें पुष्कळ अंशीं रोजच्या आहारावर ठरतें. आहार एकाएकीं बदलला म्हणजे ही व्यवस्था विस्कटते, आणि न पचलेलें अन्न आंतड्यांत पाणी ओढून घेऊन ढाळांच्या रूपानें बाहेर पडतें. त्यांत प्रवासाच्या भीतीची भर पडते. पेटींत कित्येक तास बंद राहून, यंत्रांच्या घरघरींत, ओळखीचें माणूस जवळ नसतां कुत्रा बसून असतो. भीतीमुळें त्याच्या शरीरांत जे रस उत्पन्न होतात, ते मोठ्या आंतड्याची हालचाल वाढवितात. परीक्षेच्या दिवशीं सकाळीं ज्या विद्यार्थ्याचें पोट बिघडतें, त्यास ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. अशा वेळीं कुत्रा वरचेवर थोडें थोडें शौच करितो, त्यांत आंव दिसते, क्वचित् ताज्या रक्ताची रेघही दिसते. परंतु तो हुशार असतो, पाणी पितो व हांक मारली असतां शेपूट हलवितो.

तीन ते सात दिवसांच्या सुमारास, विशेषतः लहान पिलास, वांत्या व दुर्गंधियुक्त रक्तमिश्रित ढाळ सुरू झाले, तर पार्व्हो नांवाच्या विषाणूचा संशय घ्यावा. हा रोग इ. स. १९७८ मध्यें प्रथम ओळखला गेला, आणि सुमारें दोन वर्षांच्या आंत तो जगभर पसरला. त्याचा विषाणु मातींत महिनेच्या महिने टिकतो व बुटांच्या तळव्यांतूनही घरांत येतो. उपचाराविना सोडलेलीं पिलें बहुधा दगावतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वांचतात. म्हणून येथें एका रात्रीचाही विलंब करूं नये. ज्या कुत्र्यास लहानपणीं लशीची पूर्ण मालिका दिलेली आहे, त्यास या रोगाचें भय फार थोडें असतें.

एक-दोन आठवड्यांनंतर फिकट, तेलकट व अतिशय घाण वासाचे ढाळ होऊं लागले, दोन दिवस बरें वाटून पुन्हां तेंच सुरू झालें, आणि खाणें चालू असूनही कुत्रा रोडावूं लागला, तर जिआर्डिया नांवाच्या एकपेशीय जीवाचा विचार करावा लागतो. डच संशोधक लेव्हेनहुक यानें इ. स. १६८१ मध्यें हा जीव आपल्याच विष्ठेंत सूक्ष्मदर्शक भिंगाखालीं पाहिला. त्याच्या कवचयुक्त पुटिका थंड पाण्यांत व ओलसर जागीं दीर्घकाळ जिवंत राहतात. त्यामुळें वाटेंतील डबक्याचें किंवा अनेक कुत्र्यांच्या सामाईक भांड्यांतील पाणी प्यालेला कुत्रा हा पाहुणा घेऊन घरीं येतो. या पुटिका रोजच्या रोज विष्ठेंत उतरत नाहींत. म्हणून एकच नमुना तपासून "कांहीं नाहीं" असें ठरवितां येत नाहीं. तीन निरनिराळ्या दिवसांचे नमुने पाहावे लागतात.

याहून उशिरां डोकें वर काढणारे रोग म्हणजे जंत होत. अंकुशकृमि आंतड्यास चिकटून रक्त शोषितो. त्याचीं अंडीं विष्ठेंत दिसूं लागण्यास सामान्यतः दोन-तीन आठवडे लागतात. चाबकाच्या आकाराच्या कृमीस तर सुमारें तीन महिने लागतात. तोंपर्यंत प्रवासाची आठवणही घरांत उरलेली नसते, आणि पशुवैद्यानें पुसलें असतां "कुत्रा घराबाहेर कोठें जात नाहीं" असें उत्तर सहज दिलें जातें. तारखा लिहून ठेवण्याचें महत्त्व येथें दिसून येतें. याच्या उलट प्रकारही तितकाच खरा आहे. आपल्याकडे गोचिडांपासून होणारे एर्लिकिया व बाबेसिया हे ताप सर्वत्र आढळतात. त्यांत कुत्रा अन्न टाकतो, मलूल होतो, क्वचित् ओकतोही. महाराष्ट्रांतून इंग्लंडांत नेलेल्या कुत्र्यास हें दुखणें उद्भवलें, तर तेथील वैद्यास तो प्रकार नित्याच्या पाहण्यांतला नसतो. "हा कुत्रा हिंदुस्थानांतून आलेला आहे" हें एक वाक्य तेथें मोठ्या औषधाचें काम करितें.

प्रवासापूर्वींची तयारी राहून गेली म्हणजे काय होतें, याचा एक दाखला इतिहासांत नमूद आहे. सर अर्नेस्ट शॅकल्टन हा धाडसी पुरुष इ. स. १९१४ मध्यें 'एन्ड्युरन्स' जहाजांतून दक्षिण ध्रुवाकडील खंड ओलांडण्याच्या उद्देशानें निघाला. घसरगाड्या ओढण्यासाठीं कॅनडांतून आणविलेलीं सुमारें ७० कुत्रीं त्यानें बरोबर घेतलीं होतीं. इ. स. १९१५ च्या आरंभीं जहाज वेडेल समुद्राच्या बर्फांत अडकलें, आणि एकामागून एक कुत्रीं खंगून मरूं लागलीं. डॉक्टरांनीं शवपरीक्षा केली, तेव्हां त्यांच्या आंतड्यांत लांबच लांब जंत सांपडले. जंतांचें औषध मात्र जहाजावर नव्हतें. कुत्र्यांची देखरेख करणारा जो कॅनडियन मनुष्य नेमिला होता, त्यानें तें आणावयाचें होतें. तो मोहिमेंत आला नाहीं, आणि औषधाची गोष्ट तशीच राहून गेली. शॅकल्टननें आपल्या इ. स. १९१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत ही हकीकत मोकळेपणानें दिली आहे. सर्व जगाचें लक्ष लागलेल्या त्या मोहिमेंत जहाज होतें, द्रव्य होतें, दोन डॉक्टरही होते. नव्हती ती केवळ चिमूटभर पूड.

तेव्हां तयारी कशी करावी? जंतांचें औषध व लशी पशुवैद्याच्या सल्ल्यानें निघण्यापूर्वींच द्याव्यात. आहार बदलावयाचा असेल, तर तो सात-आठ दिवसांत हळूहळू बदलावा: पहिले दोन दिवस नवें अन्न चतुर्थांश व जुनें तीन चतुर्थांश, पुढील दोन दिवस निम्मेंनिम्म, नंतर दोन दिवस नवें तीन चतुर्थांश, आणि मग सर्वस्वीं नवें. कांहीं देश मांसमिश्रित अन्न प्रवाशांच्या सामानांतून आंत येऊं देत नाहींत. युरोपियन संघाचे निर्बंध या बाबतींत कडक आहेत. अशा ठिकाणीं जातांना तेथें मिळणारें अन्न कोणतें याची चौकशी करून, हा बदल शक्य तर घरींच करून निघावें. विमानांत चढण्यापूर्वीं कांहीं तास जड जेवण देऊं नये. पाणी मात्र तोडूं नये. पेटींतील वाटींत पाण्याचा बर्फ करून ठेविला असतां तो हळूहळू वितळतो व सांडत नाहीं. गुंगीचें औषध आपल्या मनानें देणें धोक्याचें आहे.

येथें एका कायद्याचा उल्लेख केला पाहिजे. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड व नॉर्वे या देशांत कुत्रा नेतांना, बहुतेक सर्व देशांतून येणाऱ्या कुत्र्यास पोंचण्यापूर्वीं २४ ते १२० तासांच्या आंत पट्टकृमीचें औषध पशुवैद्याकडून देवविलें पाहिजे, आणि तशी नोंद कागदपत्रांत असली पाहिजे. ज्या पट्टकृमीसाठीं हा नियम आहे, तो कुत्र्यास बहुधा कांहींच त्रास देत नाहीं. परंतु त्याचीं अंडीं मनुष्याच्या पोटांत गेलीं तर यकृताचा भयंकर रोग जडतो. कुत्रा निरोगी दिसतो, म्हणून तो निर्धोक आहे असें होत नाहीं, हें यावरून समजावें.

आतां प्रत्यक्ष दुखणें आलें असतां काय करावें? कुत्रा वयांत आलेला असून हुशार असेल, पाणी पीत असेल व ढाळांत विशेष रक्त नसेल, तर एक-दोन दिवस घरीं उपचार करण्यास हरकत नाहीं. मऊ शिजविलेला भात व कातडें-हाडें काढून नुसत्या पाण्यांत उकडलेलें कोंबडीचें मांस हें अन्न दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें द्यावें. त्यांत मीठ, मसाला, तेल, कांदा किंवा लसूण मुळींच नसावा. कांदा व लसूण हे कुत्र्याच्या रक्ताचा नाश करितात. उकळून थंड केलेलें पाणी सदैव समोर ठेवावें. शरीरांतील पाणी कमी झालें कीं काय, हें पाहण्याची रीत सोपी आहे. मानेच्या मागील कातडी चिमटींत धरून सोडावी. ती तत्काळ जागेवर बसली तर ठीक, हळूहळू बसली तर पाणी आटलें आहे असें समजावें. हिरड्या कोरड्या व चिकट लागणें हेंही तेंच लक्षण होय. निरोगी कुत्र्याचें उष्णमान साधारणतः १०१ ते १०२·५ अंश फॅरनहाइट असतें. १०३ च्या वर गेलें तर ज्वर आहे.

वारंवार वांती, पुष्कळ रक्त, डांबरासारखें काळें शौच, फिकट हिरड्या, ग्लानि, यांपैकीं कोणतेंही लक्षण दिसलें; किंवा कुत्रा अगदीं लहान अथवा अति वृद्ध असला; किंवा दोन दिवसांत उतार पडला नाहीं, तर पशुवैद्याकडे जाण्यांत हयगय करूं नये. आपल्या महाराष्ट्रांत तालुक्याच्या गांवींही सरकारी गुरांचे दवाखाने आहेत. मुंबईस परळ येथें तर इ. स. १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे. जातांना विष्ठेचा ताजा नमुना झांकणाच्या स्वच्छ डबींत घ्यावा, आणि तारखांचा कागद विसरूं नये.

न करण्याच्या गोष्टीही सांगणें अवश्य आहे. घरांत माणसांसाठीं आणलेल्या गोळ्या कुत्र्यास देऊं नयेत. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन हीं त्यास विषवत् होऊं शकतात. माणसाचे ढाळ बंद करणारें लोपरामाइड हें कोली जातीच्या कुत्र्यांस घातक ठरूं शकतें. मागील दुखण्यांतून उरलेलीं प्रतिजैविकें देण्यानें लाभापेक्षां हानीच अधिक. साध्या ढाळांत त्यांची गरज बहुधा नसतेच. एरंडेल किंवा काढा तोंडांत बळेंच ओतला, तर तो श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसास इजा होते. प्रेमानें केलेला उपचार अज्ञानाचा असला, तर तो रोगाइतकाच बाधक होतो.

शेवटीं घरांतील मुलांविषयीं. आजारी कुत्र्याची शुश्रूषा मुलांनीं अवश्य करावी, परंतु त्यास हात लावल्यानंतर साबणानें हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये, व त्यास तोंड चाटूं देऊं नये. कुत्र्याची विष्ठा रोजच्या रोज उचलून टाकावी. कांहीं जंतांचीं अंडीं मातींत आठवडे-दोन आठवडे राहिल्यावरच बाधक होतात. तीं आधींच उचललीं म्हणजे अंगणांत खेळणारें धाकटें भावंड सुरक्षित राहतें. जिआर्डियाच्या पुटिका मात्र तत्क्षणींच बाधक असतात, व त्या केंसांस चिकटून राहतात. म्हणून औषध चालू असतांना कुत्र्यास आंघोळ घालून त्याचें अंथरूण कडक पाण्यांत धुवावें.

परमेश्वरानें मुक्या प्राण्यांचा सांभाळ मनुष्याच्या हातीं सोंपविला आहे. कुत्रा स्वेच्छेनें परदेशीं जात नाहीं. आपण नेतों म्हणून तो जातो, आणि पेटीचें दार लागल्यावरही आपल्यावर विश्वास ठेवून बसतो. त्या विश्वासाच्या मानानें आपणांकडून होणारें काम लहान आहे. ज्या घरीं कुत्रा असेल, तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें एक वही करावी, आणि लस कधीं दिली, जंतांचें औषध कधीं दिलें, प्रवास कोठून कोठें झाला, खाणें काय बदललें, हें तींत तारीखवार लिहीत जावें. या कामास पैसा लागत नाहीं, विद्वत्ताही लागत नाहीं. प्रसंग आला म्हणजे तीच वही त्या मुक्या जीवाच्या वतीनें वैद्याशीं बोलेल.