शेरा आणि हुकूम

शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या एस. टी.ने वडिलोपार्जित भातखाचराच्या सातबाऱ्यापायी मी किती खेपा घातल्या याचा हिशेब आता राहिलेला नाही. परंतु त्यांतील एक खेप मनावर कोरली गेली आहे. त्या दिवशी एका सरकारी दफ्तरात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एका सहृदय कारकुनाने माझी संचिका उघडून टिपणीच्या समासातला शेरा मला दाखविला. हिरव्या शाईत लिहिले होते, ‘दुरुस्ती मान्य करण्यास हरकत नाही’, आणि खाली आद्याक्षरी सही. लेखनप्रमादाने घटलेले अकरा गुंठे परत मिळाले असे मानून मी घरी पेढे नेले, विहिरीच्या खोदकामाचा विसार दिला, आणि पुढले चार महिने त्या दफ्तराची पायरी चढलो नाही. मधल्या काळात साहेबांची बदली झाली; नव्या साहेबांना जुनी मोजणी संशयास्पद वाटली, आणि अर्ज फेटाळल्याचा रीतसर हुकूम टपालाने घरी आला.

‘एका साहेबांनी मंजूर केलेले दुसऱ्यांना फेटाळता येतेच कसे?’ हा माझा प्रश्न शहापुरातल्या वकिलांनी शांतपणे ऐकून घेतला आणि बच्चितर सिंग यांचा दाखला दिला. पेप्सू राज्याच्या महसूल खात्यातील या नोकराला बडतर्फ करण्यात आले होते. तेथील महसूलमंत्र्यांनी, ही शिक्षा फार कठोर आहे, त्यास मूळच्या कानुनगोच्या जागेवर पाठवावे, असे संचिकेवर लिहिले. परंतु तो हुकूम निघण्यापूर्वीच १ नोव्हेंबर १९५६ रोजी पेप्सू पंजाबात विलीन झाले आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, न्यायमूर्ती मुधोळकरांच्या लेखणीतून, निर्णय दिला तो असा की मंत्र्याचा शेरा रीतसर हुकुमाच्या रूपाने निघून संबंधितास कळविला जाईपर्यंत तो कोणालाच बांधत नाही, मत पालटण्याची मुभा तोवर शिल्लकच असते.

हे ऐकून मी खचलो, हे खरे. परंतु ज्या नियमाने माझी आशा हिरावली तोच नियम आमच्याकडच्या कित्येक घरांची ढाल आहे, हे मला पुढे उमगले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘खाजगी वन’ असा शेरा पाहून हबकलेली माणसे शहापूर-मुरबाडात थोडी नाहीत. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीच्या जमिनीबाबतही वन कायद्याखालची २९ ऑगस्ट १९५६ ची एक नोटीस पुढे करून ती जमीन १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यान्वये सरकारजमा झाल्याचे सांगण्यात आले. त्यावर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की नोटीस नुसती काढणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांवर अशी नोटीस बजावल्याचा कागद दफ्तरात आहे का, हे म्हणूनच प्रत्येकाने नकला काढून पाहावे.

माझ्यासारख्या अर्जदाराने ‘साहेबांची सही झाली’ या निरोपावर विसंबू नये; हुकुमाचा जावक क्रमांक आणि तारीख विचारावी. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ हे पत्र म्हणजे निर्णय नव्हे, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित न केलेला फेरफारही नव्हे. हुकूम हाती पडताच लिफाफा जपावा, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमावर अपिलाची साठ दिवसांची मुदत हुकूम मिळाल्या दिवसापासून मोजतात, आणि नक्कल मिळविण्यात गेलेला काळ तीतून वजा होतो. नक्कल मागितल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख नकलेवर लिहून घ्यावी. मी पहिल्यांदा तेवढे पाहिले नाही म्हणून पुन्हा एक खेप पडली.

प्रांताधिकाऱ्यांकडे माझे अपील दाखल झाले तो एकोणसाठावा दिवस होता. वकिलांनी त्यास हिरव्या शाईच्या त्या टिपणीची माहिती अधिकारात मिळविलेली प्रत जोडली, परंतु ती केवळ पुरावा म्हणून. आणि तिच्या वर, टाचणीने टोचून, पोस्टाच्या शिक्क्याचा तो लिफाफा.