हिरड्यांतून रक्त येतंय : घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?



परिपाठाच्या वेळी आपण मुलांची नखं, केस पाहतो. दात पाहिले तरी कीड तेवढी शोधतो. हिरड्या मात्र सहसा राहून जातात, कारण त्या दुखत नाहीत. किडलेला दात रात्री झोपू देत नाही. हिरडीचा आजार गुपचूप वाढतो आणि पुष्कळदा मोठेपणी दात हलायला लागल्यावरच कळतो. कळसाडीसारख्या गावातून नंदुरबारला दवाखान्यात जायचं म्हणजे पालकांची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कधी जायलाच हवं आणि कधी घरीच काम होतं, हे ओळखता आलं पाहिजे.

आजार कसा होतो?

दातांवर रोज एक मऊ, चिकट थर जमतो. त्यात जंतू असतात. तो निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या बऱ्याही झाल्या. म्हणजे ही पहिली पायरी पूर्ण परतीची आहे.

थर तसाच राहिला तर तो कडक होऊन किटण बनतो. काही जणांत पुढे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि दात धरून ठेवणारं हाड झिजतं. झिजलेलं हाड आपोआप परत भरत नाही. दुसरी पायरी ती ही.

वर्गात काय पाहायचं?

मुलांना उजेडात उभं करा. स्वतःचा ओठ त्यांनीच स्वच्छ बोटांनी वर-खाली करावा. आपण तोंडात बोट, काडी काहीही घालायचं नाही. निरोगी हिरडी घट्ट असते आणि दातांमध्ये टोकदार दिसते. रंग गुलाबी असतो. काही मुलांत नैसर्गिकच सावळा असतो, तो आजार नव्हे. कडा लाल, फुगीर, चकचकीत दिसली तर नोंद करा. आणि एकच प्रश्न विचारा, "दात घासताना थुंकीत रक्त येतं का?"

निर्णय कसा घ्यायचा?

१. घरी उपाय : थोडी लाली, घासताना किंचित रक्त. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, हिरडीच्या कडेपर्यंत घासायचं. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. थर निघाला की रक्त थांबतं. नवीन दात येताना त्या जागची हिरडी थोडी सुजते, तेही चालतं.

२. दंतवैद्याकडे : दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत असेल, किटण दिसत असेल, हिरडी खाली सरकली असेल. सहा-सात वर्षांपासून दुधाचे दात हलणं स्वाभाविक आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा पक्का दात मार न लागता हलत असेल तर उशीर नको.

३. त्याच दिवशी डॉक्टरकडे : गालावर सूज, पू, ताप. किंवा रक्त थांबत नाही, अंगावर काळे-निळे डाग आहेत, मूल फिकट पडलंय. असा त्रास रक्ताच्या आजाराचाही असू शकतो.

दंतवैद्य काय करतात?

टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेली, खुणांची बारीक सळई ते हिरडीच्या कडेला हलकेच फिरवतात. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे रक्त, २ म्हणजे किटण, ३ म्हणजे सुमारे ४-५ मिलिमीटर खोबण, ४ म्हणजे ६ किंवा जास्त. १ ला घासणं सुधारायचं, २ ला किटण काढायचं, ३ आणि ४ ला सविस्तर तपासणी व उपचार. सात ते अकरा वर्षांच्या मुलांत सहा ठरावीक दात पाहतात आणि ० ते २ एवढेच गुण देतात.

"दात साफ केले की दात हलतात" असं गावात म्हणतात. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं. किटणाने ते झाकलं जातं, एवढंच.

पालकांसाठी दोन शब्द

मशेरी किंवा तपकिरीने हिरड्या घट्ट होत नाहीत. तंबाखूमुळे, विशेषतः विडी-सिगारेटमुळे, रक्त कमी येतं आणि आजार लपतो. तंबाखू घेणाऱ्याला रक्त येत नाही, म्हणून हिरडी चांगली असं समजू नये. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्याही हिरड्या तपासून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. ऊसतोडीला जाणारी मुलं त्या दिवशी सुटू शकतात. त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा, परतल्यावर तपासणी करून घ्या.

घरचा अभ्यास : आज रात्री दात घासल्यावर घरातल्या प्रत्येकाने थुंकी पाहावी. रक्त दिसलं तर कॅलेंडरवर खूण करा आणि १४ दिवस नीट घासा. पंधराव्या दिवशीही रक्त आलं, तर ती एका दिवसाची मजुरी दवाखान्यासाठी मोडायलाच हवी.