पान्ह्याची तयारी विण्याआधीच

आमच्या माणदेशात मेंढीचं दूध डेअरीला जात नाही, ते कोकरांच्या अंगावर दिसतं. तीन महिन्यांच्या कोकराला बाजारात काय भाव येणार, हे आईच्या कासेवर ठरतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तिचं रक्त आमच्या कळपात आलं आणि जुळी होऊ लागली. चारणी मात्र जुनीच राहिली: दिवसभर रान, रात्री कडबा. गाभण मेंढीला खुराक दिला की कोकरू मोठं होऊन अडतं, ही समजूत आमच्या भागात पक्की.

एका उन्हाळ्यात जुळ्यांची गाभण मेंढी कळपामागं रेंगाळू लागली. मान खाली, दात करकर खाई, डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी लवत नसे. डॉक्टरांनी निदान केलं: पोटातली कोकरं वाढतायत, खाणं पुरत नाही, म्हणून अंगातली चरबी वितळून रक्तात विषार झालाय. औषधानं आणि गूळपाण्यानं ती वाचली, व्यालीही. पण कास रिकाम्या पिशवीसारखी हाताला लागली. चीक थेंबभर. एक कोकरू रात्रीच गेलं, दुसरं शेळीच्या दुधावर जगवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मेंढीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. कोकराची सुमारे 70 टक्के वाढ शेवटच्या 6 आठवड्यांत होते, कासही तेव्हाच भरू लागते. जुळ्यांनी पोटातली जागा अडवलेली असते, त्यामुळे नुसत्या कडब्यानं तिची भूक भागते, गरज भागत नाही. म्हणून या दीड महिन्यात मक्याचा भरडा आणि पेंड सुरू करा. आरंभ 100 ग्रॅमने, मग दहा-बारा दिवसांत वाढवत जुळ्यांच्या मेंढीला 300 ते 400 ग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून. एकदम भरपूर धान्य घातलं तर पोटात आम्ल होऊन मेंढी दगावते. जोडीला लसूणघास किंवा शेवरीचा पाला द्या. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड फेकूनच द्या. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका; त्यातलं तांबं तिला विषासारखं बाधतं.

व्याल्यावर 3 ते 4 आठवड्यांत दूध सर्वांत जास्त असतं, तोवर खुराक तोडू नका आणि पाणी सतत समोर ठेवा. कोकराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा. पाठीवरची लोकर बाजूला सारून कण्यावर बोटं फिरवा. मणके टोचू लागले तर मेंढी स्वतःचं अंग झिजवून दूध देतेय, असं समजा.

जुळ्यांचा नर कळपात सोडायच्या आधी घरात दीड महिन्याच्या खुराकाची सोय करा. ती होत नसेल, तर एकच कोकरू देणारी दख्खनी मेंढी बरी.